मनीबॉलच्या नावानं चांगभलं

हरणाऱ्या टीमच्या पाठीराख्याला फुकटचे सल्ले फार मिळतात. "अरे खेळ आहे तो, हारजीत चालायचीच." "खाडीपलीकडे जायंट्स आहेत की, त्यांना धर." "एवढं काय मनाला लावून घेतोस?" गेली काही वर्षं मी हे सगळं निमूटपणे ऐकतोय, कारण माझी टीम म्हणजे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, लाडानं ए'ज. आज विकांत आहे, घर शांत आहे, चहाचा मग भरलेला आहे. तेव्हा सगळ्या सल्लागारांना मिळून एकच उत्तर टंकून टाकतो.

आधी बेसबॉलशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं गणित. मेजर लीगमध्ये ३० टीम. प्रत्येकीनं मोसमात १६२ सामने खेळायचे, म्हणजे वसंतापासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज एक. इतके सामने असले की नशीब बरोबरीत सुटतं. या खेळात एक जुना हिशोब सांगतात : कितीही भिकार टीम असली तरी ती ५४ सामने जिंकतेच, कितीही भारी असली तरी ५४ हरतेच, खरा मोसम म्हणजे मधले उरलेले ५४. तर मंडळी, २०२३ च्या मोसमात आमचे ए'ज ५० जिंकले आणि ११२ हरले. म्हणजे जे ५४ फुकटात मिळतात तेही आम्हाला पुरते मिळाले नाहीत!

पण माझी तक्रार ११२ या आकड्याबद्दल नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण सल्लागार मंडळी नेमकी इथेच घसरतात.

त्याच मोसमात न्यूयॉर्क मेट्सनी खेळाडूंच्या पगारावर ३० कोटी डॉलरच्या वर खर्च केला. तोपर्यंत कुठल्याच टीमनं एवढा केला नव्हता. आणि निकाल? ७५ विजय, ८७ पराभव. मेट्सचा पाठीराखा वैतागला, त्यानं कपाळाला हात लावला, मालकाला शिव्या घातल्या. पण तो वैताग निरोगी होता. कुणीतरी मनापासून प्रयत्न केला आणि तो फसला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला कोड टाकला आणि आपटला. होतं असं. पुढच्या रिलीजला बघू.

ए'जचं तसं नव्हतं. तिथे कुणी कोड लिहितच नव्हतं. टीमला बाहेरची वाट दाखवून झाली होती, सर्व्हरचं बिल कमी केलं होतं आणि रोज सकाळी 'वापर घटतोय' असा रिपोर्ट जात होता.

तारखा बघा. २०१८ मध्ये ९७ विजय. २०१९ मध्ये पुन्हा ९७. २०२० च्या करोनामुळे आखडलेल्या मोसमात आपल्या गटात पहिला नंबर. २०२१ मध्ये ८६ विजय. तरुण, घरची, रंगात आलेली टीम. मग २०२२ च्या मार्चमध्ये एका आठवड्याच्या आतबाहेर क्रिस बॅसिट न्यूयॉर्कला, मॅट ओल्सन अटलांटाला, मॅट चॅपमन टोरांटोला. एप्रिलमध्ये शॉन मनाया सॅन डिएगोला. ऑगस्टमध्ये फ्रँकी मोंटास यांकीजकडे. डिसेंबरमध्ये कॅचर शॉन मर्फी, तोही अटलांटाला. त्या वर्षी १०२ पराभव, पुढच्या वर्षी ११२. आणि ज्या ओल्सनला आम्ही फर्स्ट बेसवर उभं राहून मोठं होताना पाहिलं, त्यानं २०२३ मध्ये अटलांटासाठी ५४ होमरन मारले. ५४! आमच्या पूर्ण टीमच्या विजयांपेक्षा चार जास्त.

आता यावर समर्थनं काय दिली जातात ती एकेक घेऊ.

समर्थन पहिलं : "लोकच येत नव्हते हो मॅचला." हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये याच 'लोक येत नाहीत' वाल्या कोलिझियममध्ये टँपा बे विरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्याला ५४,००५ माणसं होती. त्या प्रकारच्या सामन्यातला तो उपस्थितीचा विक्रम होता. मग २०२१ नंतर तुम्ही चांगले खेळाडू विकलेत, सीझन तिकिटांचे भाव वाढवलेत, आणि वर 'आम्ही लास व्हेगासला जागा बघतोय' हे उघडपणे सांगत फिरलात. २०२३ मध्ये सरासरी दहा हजारांच्या आसपास माणसं आली, लीगमध्ये सर्वांत कमी. मला विचाराल तर दहा हजार आलीच कशी याचं आश्चर्य वाटायला हवं. ज्या हॉटेलमालकानं आचारी काढून टाकला, थाळीचा भाव वाढवला आणि दारावर 'लवकरच स्थलांतर' अशी पाटी लावली, त्यानं गिऱ्हाइकाच्या निष्ठेबद्दल बोलू नये.

सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलाय. एखादं प्रॉडक्ट बंद करायचं वरती आधीच ठरलेलं असतं. पण तसं सांगायचं नसतं. मग नवीन फीचर थांबतात, बग तसेच पडून राहतात, चांगली माणसं दुसऱ्या प्रोजेक्टवर जातात, आणि सहा महिन्यांनी प्रेझेंटेशनमध्ये उतरत्या आलेखाची स्लाइड येते : 'युजर्सना रस उरलेला नाही.' आलेख खराच असतो. खोटी असते ती कार्यकारणाची दिशा.

१३ जून २०२३ ला पाठीराख्यांनी काय केलं ते ऐका. बहिष्काराच्या उलट : ठरवून सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं. टीमची अवस्था १८ विजय, ५० पराभव. समोर त्या वेळी लीगमध्ये सर्वांत पुढे असलेली टँपा बे रेज. मंगळवारची रात्र. आणि २७,७५९ माणसं आली. हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द : 'विका'. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला अख्खं स्टेडियम ठरवून गप्प झालं आणि मग एकदम 'टीम विका' असा गजर उठला. ए'ज जिंकले २-१ नं, सलग सातवा विजय! लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यावर काय म्हणाले? साधारण असं की एका रात्रीपुरती का होईना, लीगच्या सरासरीजवळ जाणारी गर्दी दिसली, छान वाटलं. त्याच आठवड्यात नेव्हाडा राज्यानं लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी पैशाचं विधेयक मंजूर केलं. नोव्हेंबरमध्ये सगळ्या मालकांनी मतदान केलं : ३० विरुद्ध ०.

समर्थन दुसरं, आणि हे आपल्या जमातीचं लाडकं : "पण ए'ज म्हणजे मनीबॉल ना? कमी पैशात खेळणं हीच तर त्यांची स्टाइल." मायकेल लुईसचं २००३ चं ते पुस्तक आपल्याकडच्या प्रत्येक क्यूबिकलमध्ये एकदा तरी येऊन गेलंय, आणि ज्यांनी ते वाचलं नाही त्यांनी २०११ चा सिनेमा पाहिलाय. मी स्वतः फ्रीमाँटला आलो तो २००२ चा उन्हाळा. डॉटकॉमचा फुगा फुटलेला, ऑफिसात रोज कुणाची तरी खुर्ची रिकामी. एका सहकाऱ्यानं बार्टमध्ये बसवून कोलिझियमला नेलं, स्टेशनवरून पूल ओलांडला की थेट दारात. तेव्हा बेसबॉल कळत नव्हता, पण एवढं कळलं की ही टीम आपल्यासारखीच आहे : हातात थोडं, समोर मोठे लोक, आणि डोकं चालवण्यावाचून पर्याय नाही. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांनी सलग २० सामने जिंकले. विसाव्यात ११-० ची आघाडी ११-११ होईपर्यंत घालवली आणि मग स्कॉट हॅटेबर्गनं होमरन मारून १२-११ नं सामना काढला. माझा धर्म त्या मोसमात ठरला.

तर मनीबॉल म्हणजे नक्की काय होतं? आपण इंजिनियर आहोत, ऑप्टिमायझेशनच्या भाषेतच बोलू. २००२ मध्ये बिली बीनसमोर उद्दिष्ट होतं विजय, आणि मर्यादा होती पैसा. सुमारे ४ कोटी डॉलरचा पगारखर्च, समोर यांकीजचे १२ कोटींच्या वर. आदल्या वर्षीचे जेसन जियांबी, जॉनी डेमन, जेसन इझरिंगहाउसन तिघेही सोडून गेलेले. तरीही त्यांनी बेसवर पोचण्याचं प्रमाण वगैरे दुर्लक्षित आकडे बघून स्वस्तातली माणसं उचलली, जोडीला हडसन-मल्डर-झिटोसारखे स्वतः घडवलेले पिचर होतेच, आणि १०३ सामने जिंकले. यांकीजनीही त्या वर्षी १०३ च जिंकले.

२०२३ मध्ये हेच समीकरण कुणीतरी उलटं करून ठेवलं. उद्दिष्ट झालं पैसे वाचवणं. आणि मर्यादा? मर्यादाच नाही, कारण कितीही हरलात तरी लीगमधून कुणी काढत नाही. याला मनीबॉल म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला 'एकादशी करतोयस वाटतं' असं म्हणण्यासारखं आहे. आणि 'कमी पैशात एवढंच होतं' असं कुणाला वाटत असेल तर त्याच २०२३ चा तक्ता काढून बघा. पगारखर्चात तळाशीच असलेल्या दोन टीम : टँपा बे ९९ विजय, बाल्टिमोर १०१ विजय. हे बाल्टिमोरवाले २०२१ मध्ये ११० सामने हरले होते. म्हणजे पुनर्बांधणीसाठी हरणं हा प्रकार असतो, मान्य. पण घर पाडून बांधणारा माणूस आणि घराच्या चौकटी विकून गाव सोडणारा माणूस, दोघांच्या अंगणात विटाच पडलेल्या दिसतात. म्हणून काय दोघं सारखे?

समर्थन तिसरं : "शेवटी बिझनेस आहे. मालकाची टीम, मालकाची मर्जी." वा! बिझनेसच्या गोष्टी करायच्या ना? करू. गॅप कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव जॉन फिशर आणि त्यांचे भागीदार लू वोल्फ यांनी २००५ मध्ये ही टीम १८ कोटी डॉलरला घेतली. २०१६ पासून सूत्रं एकट्या फिशर यांच्याकडे. २०२३ मध्ये फोर्ब्सच्या अंदाजानं तिची किंमत होती सुमारे १२० कोटी. म्हणजे ११२ सामने हरूनही! हा कुठला बाजार, जिथे माल जितका नासका तितकी दुकानाची किंमत वर?

कारण हा बाजार नाहीच. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. कर्ट फ्लड नावाचा खेळाडू (ओकलंडमध्येच वाढलेला) याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९७२ मध्ये हरला. आमच्या दक्षिण बे एरियालाही याचा थेट फटका बसलाय. ए'जचं स्टेडियम फ्रीमाँटमध्ये बांधायची योजना २००६ मध्ये जाहीर झाली, २००९ मध्ये गुंडाळली. मग सॅन होजे. पण सॅन होजेचा परगणा लीगच्या नियमांनुसार जायंट्सचा 'इलाखा'! आणि तो त्यांना कुणी दिला? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जायंट्सना तिकडे जायचं होतं तेव्हा ए'जचे तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी, एक डॉलरही न घेता. जायंट्स गेले नाहीत, हक्क मात्र राहिला. २०१३ मध्ये सॅन होजे शहर कोर्टात गेलं, २०१५ मध्ये अपील कोर्टानं तेच १९२२ चं बाड पुढे केलं आणि सुप्रीम कोर्टानं ऐकायलाच नकार दिला.

त्यात महसूल-वाटपाची भर. श्रीमंत टीमच्या उत्पन्नातला हिस्सा गरीब टीमना मिळतो, उद्देश हा की त्यांनी टीम सुधारावी. २०१६ च्या करारानं ए'जना यातून टप्प्याटप्प्यानं बाहेर काढलं होतं. २०२२ च्या करारानं परत आत घेतलं, पण १५ जानेवारी २०२४ पर्यंत नव्या स्टेडियमचा पक्का करार करायच्या अटीवर. म्हणजे डेडलाइन कशाला लावली? सामने जिंकण्याला नाही, जागेच्या सौद्याला. मग सगळ्यांनी तेच ऑप्टिमाइझ केलं यात नवल काय?

तेव्हा मक्तेदारी कायद्यानं, इलाखा नियमानं, स्टेडियमला पैसा जनतेचा, आणि पाठीराख्यानं तोंड उघडलं की 'खाजगी मालमत्ता आहे साहेब'. हे दोन्ही एकदम चालणार नाही.

समर्थन चौथं, आणि यात तथ्य आहे : "ते स्टेडियम भंगार होतं." होतंच. कोलिझियम उघडलं १९६६ मध्ये. २०१३ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये सांडपाणी आलं होतं, २०२३ मध्ये पाहुण्या समालोचकांच्या खोलीत एक पोसम (आपल्या घुशीचा दूरचा भाऊ समजा) मुक्कामाला होतं. ओकलंड महापालिका काही धुतल्या तांदळाची नाही. वॉरियर्स २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले, रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला, तेव्हा शहराचाही काही दोष असणारच. नवीन स्टेडियम हवं होतं हे मला शंभर टक्के मान्य. पण सांडपाण्याच्या पाइपचा आणि ओल्सनला विकण्याचा काय संबंध? त्याच पाइपांखाली २०१८ आणि २०१९ मध्ये ९७ विजय झालेच ना?

आणि गंमत पुढे आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक आले, ए'ज ३-२ नं जिंकले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत टीमनं लुईस सेवेरिनो या पिचरशी तीन वर्षांसाठी ६.७ कोटी डॉलरचा करार केला, टीमच्या इतिहासातला तोपर्यंतचा सर्वांत मोठा. पैसा होता तर! २०२५ चा मोसम ते वेस्ट सॅक्रामेंटोच्या चौदा हजारांच्या छोट्या मैदानावर खेळले, नावात कुठलंही शहर न लावता, नुसतेच 'अ‍ॅथलेटिक्स'. ७६ विजय, ८६ पराभव, आणि उपस्थिती पुन्हा लीगमध्ये सर्वांत कमी. आता सांगा, दोष ओकलंडच्या लोकांचा होता का?

आपल्याकडच्या वाचकांनी 'अमेरिकेतलं काहीतरी' म्हणून हे सोडून देऊ नये. आयपीएलही बंद दारांचीच लीग आहे. तळाला गेलात म्हणून कुणी खाली ढकलत नाही, मध्यवर्ती पैशातला वाटा येतच राहतो. पुणेकरांना तर सांगायलाच नको. पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आले, २०१३ नंतर गायब. रायझिंग पुणे दोन मोसम खेळले, २०१७ ची फायनल एका धावेनं हरले आणि त्यांचंही दुकान बंद. ज्यानं जर्सी विकत घेतली होती त्याला कुणी विचारलं? ए'ज ओकलंडमध्ये १९६८ पासून होते. चार वर्ल्ड सिरीज तिथे जिंकल्या : १९७२, ७३, ७४ आणि ८९. याच शहरात वाढलेल्या रिकी हेंडरसननं १९८२ च्या एका मोसमात १३० बेस चोरले. ५७ मोसमांनंतरही उत्तर तेच : तुम्हाला कोण विचारतो?

नुसती बोंबाबोंब नको म्हणून माझ्या तीन मागण्या लिहितो.

एक, पगारखर्चाला किमान मर्यादा. अमेरिकेतल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल लीगमध्ये ती आहे. बेसबॉलमध्ये खेळाडूंची संघटना तिला बिचकते, कारण मालक किमान मर्यादेबरोबर कमाल मर्यादाही पदरात घालतील ही भीती, आणि ती अगदी रास्त आहे. मग निदान एवढं करा : महसूल-वाटपातून आलेला प्रत्येक डॉलर त्याच वर्षी खेळाडूंवर खर्च झाला नाही तर परत. सध्याच्या कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. टेबलावर आणायची तर त्याच वाटाघाटींत आणा.

दोन, सरकारी पैसा घेतलात तर शहरालाही हक्क द्या. टीम विकायची किंवा हलवायची झाली तर आधी शहराला, नाहीतर स्थानिक खरेदीदाराला विचारा. करदात्याचे ३८ कोटी हे काही देवळातल्या दानपेटीत टाकलेले नाहीत.

तीन, नाव आणि इतिहास शहराकडे राहू द्या. हे काही स्वप्नरंजन नाही. १९९६ मध्ये क्लीव्हलंडची फुटबॉल टीम बाल्टिमोरला गेली तेव्हा ब्राउन्स हे नाव, रंग आणि सगळे विक्रम क्लीव्हलंडमध्येच राहिले. मालक खेळाडू नेऊ शकतो. रिकीचे १३० बेस त्याचे कसे?

राहता राहिला तो सल्ला, 'दुसरी टीम धर'. धरली आहे. वेस्ट ओकलंडमध्ये रायमोंडी पार्कवर ओकलंड बॉलर्स नावाची टीम २०२४ पासून खेळतेय. लीग छोटी, मैदान छोटं, पण तिचे शेअर पाठीराख्यांना विकत घेता आले आणि अनेकांनी घेतलेसुद्धा. २०२५ मध्ये त्यांनी आपली लीग जिंकली. उद्या ते हरले तरी माझं काही म्हणणं नाही, हरू देत बापडे. फक्त जिंकायला उतरून हरू देत. हॉटडॉगचे पैसे मी देईन.